डाव्या बाजूचा साक्षीदार

इनास मचाडो सरांना मी पहिल्यांदा भेटले ते बारा वर्षांपूर्वी, वसईजवळ गोखिवऱ्याच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. खाली बाटल्यांची झाकणे तयार करणारा कारखाना होता आणि त्याच्या यंत्रांचा ठोका वरच्या फरशीतून पायांना जाणवत असे. मी मुंबईच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत नऊ वर्षे काम केले होते. तो स्टुडिओ बंद झाला होता आणि घराजवळ काही मिळते का, हे मी पाहत होते. त्रिमितीय ग्राफिक्सची सॉफ्टवेअर मला चांगली येतात, असा माझा समज होता.

सरांनी माझा बायोडेटा पूर्ण वाचला आणि बाजूला ठेवला. मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक जाड कापडी हातमोजा काढला. वाडीत लिंबाची काटेरी फांदी छाटताना घालतात तसा. तळव्याच्या बाजूला रबराचे ठिपके होते.

"कोणत्या हाताचा?" त्यांनी विचारले.

मी उजव्या हाताचा म्हणून सांगितले. त्यांनी माझ्यासमोर तो आतून बाहेर उलटा केला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, मोजा तोच आहे, म्हणजे हातही तोच. "घालून बघा," ते म्हणाले. मी उजव्या हातात घालायला गेले, तर अंगठा बसेना. डाव्या हातात मात्र तो नीट बसला.

"फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना हेच होऊ शकतं. नुसतं बघून कळत नाही," सर म्हणाले. "आपलं काम ते कळून घेण्याचं. सोमवारपासून या."

मला रोजनिशी लिहायची सवय आहे. त्या दिवशीच्या पानावर एवढेच आहे : "नोकरी मिळाली. हातमोजा."

सरांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी समितीने मला लेख मागितला, त्या पत्रात "आठवणी शक्यतो आनंददायी असाव्यात" असे एक वाक्य आहे. त्यातला "शक्यतो" मी धरून चालले आहे. कारण सरांबद्दल मला जे खरोखर सांगायचे आहे, ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीशिवाय सांगता येत नाही. त्या चुकीकडे मी येईनच. आधी सरांचे काम काय, ते सांगायला हवे. या ग्रंथाच्या वाचकांत गिरीजचे त्यांचे गाववाले, चर्चच्या गायनमंडळातले सोबती आणि कारखान्यातले जुने सहकारी असणार. "इनास निवृत्तीनंतर हाडं बनवतो" एवढेच त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

ते खोटे नाही. रुग्णाचे सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या पातळ चकत्यांची चित्रे. वैद्यकीय सॉफ्टवेअर त्या चकत्या एकावर एक रचते आणि हवे ते हाड वेगळे काढून त्याचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांच्या जाळीने तयार करते. ही जाळी फाइलमध्ये साठवली जाते. पण तिच्यातली भोके बुजवणे, नको ते तुकडे काढणे, पृष्ठभाग स्वच्छ करणे ही कामे ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये अधिक चांगली होतात. म्हणून फाइल तिकडे न्यायची, काम करायचे, पुन्हा इकडे आणून स्कॅनशी ताडून पाहायची आणि मग त्रिमितीय प्रिंटरवर छापायची. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांच्या हातात रुग्णाच्या हाडाची हुबेहूब प्रत येते. तिच्यावर ते कापण्याच्या जागा ठरवतात, धातूची पट्टी आधीच वाकवून ठेवतात.

अडचण या ये-जा करण्यात आहे. या फाइलींचे प्रकार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी केलेले. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या एसटीएल प्रकारात त्रिकोणांच्या टोकांचे आकडे असतात, पण ते मिलिमीटर आहेत की इंच, हे कुठेही लिहिलेले नसते. एकदा मिलिमीटरचे आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरने मीटर समजून घेतले आणि माझ्या पडद्यावर एका माणसाची कवटी तुंगारेश्वरच्या डोंगराएवढी उघडली. दुसऱ्या एका प्रकारात रंग टिकतात, पहिल्यात ते गळून जातात. एक सॉफ्टवेअर "वर" म्हणून जी दिशा धरते, तिला दुसरे "पुढे" म्हणते. वैद्यकीय सॉफ्टवेअरांतसुद्धा काही रुग्णाच्या डाव्या बाजूला अधिक चिन्ह धरतात, काही उजव्या. आकडे बरोबर, हाड बरोबर आणि तरीही डावे-उजवे बदललेले, असे होऊ शकते.

यावर सरांनी एक पद्धत बसवली आहे. तिला आम्ही "साक्षीदार" म्हणतो. खोक्याचा कोपरा जसा तीन कडांचा असतो, तशा तीन दांड्यांचा तो एक लहानसा आकार आहे. एक दांडी दहा मिलिमीटर, एक वीस, एक तीस. सर्वांत लांब दांडी रुग्णाच्या डोक्याकडे, मधली त्याच्या समोर, सर्वांत आखूड त्याच्या डाव्या हाताकडे. स्कॅनमधून हाड वेगळे केल्याबरोबर, ते कुठेही हलवण्याच्या आधी, त्याच्या डाव्या बाजूला हा साक्षीदार ठेवायचा. मग फाइल कितीही दारे हिंडून येवो. दांड्या मोजल्या की माप कळते. लांब दांडी वर आणि मधली समोर धरली, की आखूड दांडी डावीकडे आली पाहिजे. उजवीकडे आली तर मोजा उलटा झाला. सगळे तपासून झाले की छापण्याच्या आधी साक्षीदार काढायचा, आणि तो सरांनीच काढायचा.

कल्पना कुठून आली, असे मी एकदा विचारले होते. सरांचे वडील पास्कू मचाडो गिरीजचे सुतार. एका चर्चसाठी त्यांनी वेदीच्या दोन बाजूंना दिवे टांगायला शिसवी कंस केले होते, नक्षीचे. बसवायला गेले तेव्हा कळले की दोन्ही कंस डाव्या बाजूचेच झाले आहेत. फादर म्हणाले, पास्कू, एवढ्या उंचावर कोण बघतोय, लावून टाक. वडिलांनी लावला नाही. नवा करून दिला आणि चुकलेला घरी आणला. तो आजही सरांच्या स्वयंपाकघरात आहे. त्यावरच्या फळीवर सरांच्या पत्नी आग्नेसबाई मिठाची बरणी ठेवतात. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी सगळे गाव त्यांना अजून बाईच म्हणते.

"चुकलेली वस्तू आपल्या घरात ठेवायची," सर सांगत होते, "गिऱ्हाइकाच्या नाही."

"म्हणूनच मला ठेवलंय," बाई आतून म्हणाल्या.

पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन सरांनी तीस वर्षांहून अधिक काळ वसई पूर्वेच्या एका कारखान्यात साचे बनवले. साचा करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट उलट्या बाजूने विचारात घ्यावी लागते. निवृत्तीनंतर लोक वाडीत लक्ष घालतात. सरांनी वाडी भावाकडे सोपवली, एक प्रिंटर घेतला, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हाडांची नावे पाठ करायला बसले. मी आले तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि कवटीच्या तळाची छिद्रे बोटांवर मोजून दाखवत.

त्यांच्यासोबत काम करणे सोपे नव्हते, हेही लिहायला हवे. सर हट्टी आहेत. जे काम दोन मिनिटांत आपोआप होते, ते ते हाताने वीस मिनिटे करतात आणि माझ्याकडूनही करून घेतात. फोनवरच्या संदेशांना उत्तर देत नाहीत. स्टुडिओतल्या सवयीमुळे माझे मॉडेल देखणे व्हावे, असा माझा आग्रह असे. पहिल्याच महिन्यात मी डोळ्याच्या खोबणीचे एक मॉडेल घासूनपुसून गुळगुळीत केले. सरांनी स्कॅन उघडून माझ्यापुढे ठेवले. मी जो खडबडीतपणा समजून काढून टाकला होता, तो हाडाला गेलेला तडा होता. रुग्ण त्याच्यासाठीच आला होता. सर रागावले नाहीत. त्यांनी मला तो तडा पुन्हा त्रिकोण-त्रिकोण करून उभा करायला लावला. त्याला पूर्ण दिवस गेला. त्यानंतर मी काहीही गुळगुळीत करण्याआधी स्कॅन उघडते.

माझ्या वडिलांचा प्रसंग मी विसरू शकत नाही. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. वडील एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतर तुळिंजला आमच्याकडे राहायला आले. जिन्यात पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि ते शस्त्रक्रियेला तयार होईनात. लेप लावून बरे होते, असे त्यांचे म्हणणे. मी कामावर रजा मागितली, तेव्हा सरांनी कारण विचारले आणि सीटी स्कॅनची सीडी घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे तीन मजले चढून आले. कापडी पिशवीतून छापलेले हाड काढून त्यांनी वडिलांच्या हातात दिले. वडिलांनी मोडलेल्या जागेवरून बोट फिरवले. दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले होते.

"हे माझं?" वडिलांनी विचारले.

"तुमचंच. डावं," सर म्हणाले. "मी दोनदा तपासलंय."

वडिलांनी ते हाड हातात फिरवून पाहिले आणि म्हणाले की, याला लेप काय करणार. पुढे ते काठी घेऊन का होईना, तीन मजले उतरून बाजारापर्यंत जाऊ लागले. सरांनी त्या दिवसाचा कधी उल्लेख केला नाही.

आता चूक.

मला येऊन पाच वर्षे झाली होती. एका रुग्णालयाकडून खालच्या जबड्याचे काम आले. रुग्ण उत्तरेकडच्या एका मिठागरांच्या गावातल्या बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांचे नाव मी देत नाही, ताई म्हणते. जबड्याच्या डाव्या बाजूला गाठ वाढली होती. ती कर्करोगाची नव्हती, पण तिने हाड पोखरले होते. तेवढा भाग काढून पायाच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा आणि सगळे टायटॅनियमच्या पट्टीने जोडायचे, असे ठरले होते. पट्टी आधीच वाकवता यावी म्हणून डॉक्टरांना गाठ नसलेल्या जबड्याचे मॉडेल हवे होते. अशा वेळी निरोगी उजव्या बाजूचे प्रतिबिंब घेऊन डावीकडचा खराब भाग भरून काढतात.

मी हाड वेगळे केले, साक्षीदार ठेवला आणि फाइल ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. तिथे काम करताना साक्षीदार सारखा मध्ये येत होता. निवडताना तोही निवडला जाई. मी तो काढून टाकला. नंतर परत ठेवू, असा विचार केला. वैद्यकीय सॉफ्टवेअरमध्ये एकदा नेऊन परत आणल्यावर जबडा माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तो अर्धा वळसा फिरवायला हवा होता. मी मागचे पुढे केले, म्हणजे फिरवला नाही, आरशात धरल्यासारखा उलटवला. तो समोर आला. पृष्ठभाग काळा दिसू लागला, कारण जाळीची आतली बाजू बाहेर आली होती. ही खूण होती. एक आज्ञा देऊन मी तो काळेपणा घालवला. मग आमच्या तयार फाइलींतून नवा कोरा साक्षीदार आणून जबड्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

सरांनी दांड्या मोजल्या, दिशा पाहिल्या. सगळे बरोबर होते. साक्षीदाराने जे पाहिलेच नव्हते, त्याची साक्ष दिली.

मॉडेल रात्रीत छापून दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयात गेले. गाठीचा भाग निरोगी बाजूवरून भरून काढलेला असल्याने नुसत्या नजरेला काही खटकण्यासारखे नव्हते. पण जबड्याच्या मागच्या दोन उभ्या फांद्या ताईंच्या मूळच्याच होत्या आणि त्या कोणाच्याही अगदी सारख्या नसतात. ताईंची डावी फांदी उजवीपेक्षा आखूड होती. उलट्या मॉडेलवर वाकवलेली पट्टी त्यांच्या हाडावर बसली नसती. तशीच दाबून बसवली असती तर दात दातांवर आले नसते आणि हे उघड्या जबड्यानिशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळले असते.

मॉडेल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी सरांना सांगितले, की साक्षीदार मी मध्येच काढला होता आणि फाइल उलटली असण्याची शक्यता आहे. सर एका कवटीला छपाईत दिलेले आधार कानशीने घासून काढत होते. त्यांनी कानस खाली ठेवली. मला वाटले, ते फाइल उघडतील. त्यांनी आधी फोन उचलला.

"डॉक्टर, मचाडो बोलतोय. कालचं जबड्याचं मॉडेल वापरू नका."

पलीकडून काय झाले, असे विचारले असणार.

"अजून माहीत नाही. चुकलंय की नाही हेसुद्धा माहीत नाही. पण वापरू नका."

शस्त्रक्रिया फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पट्टी मात्र फोनच्या आदल्या संध्याकाळीच वाकवून झाली होती. डॉक्टरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. तुमच्यावर विश्वास ठेवून मी संध्याकाळ घालवली, असे काहीसे ते म्हणाले. सर म्हणाले, "म्हणून तर फोन केला." मग फोन ठेवून त्यांनी मूळ स्कॅन उघडले, दोन्ही फांद्या मोजल्या, माझी फाइल उघडली आणि त्याही मोजल्या. डावी-उजवीची मापे अदलाबदल झाली होती. त्यांनी आकडे कागदावर लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. एवढेच.

आम्ही सुरुवातीपासून सगळे पुन्हा केले. प्रत्येक पायरीला सर मला मोठ्याने बोलायला लावत होते : आता काय करते आहेस, का करते आहेस. साडेअकराला प्रिंटर सुरू झाला. सात तास लागणार होते. त्या सात तासांत सरांनी इतर कामांपैकी एकही थांबवले नाही आणि मला घरी पाठवले नाही. दुपारी डबा खाताना त्यांनी नेहमीप्रमाणे मला अळूची भाजी वाढली. संध्याकाळी आम्ही दोघे रिक्षाने मॉडेल घेऊन गेलो. डॉक्टरांनी जुनी पट्टी नव्या मॉडेलवर ठेवून पाहिली. मागच्या टोकाला तिच्याखालून उजेड दिसत होता. ते दुसरी पट्टी घेऊन वाकवायला बसले.

सरांनी त्यांना एक पत्र दिले. चूक आमच्या कार्यशाळेची असून तपासणीची जबाबदारी त्यांची स्वतःची आहे, असे त्यात होते आणि खाली त्यांची सही. माझे नाव कुठेही नव्हते. परत येताना मी म्हणाले की, हे बरोबर नाही, चूक माझी होती.

"तू साक्षीदार काढलास ती तुझी चूक. मी हाड सोडून नुसता साक्षीदार बघत बसलो ती माझी," सर म्हणाले. "पत्रावर सही एकाचीच असते."

शस्त्रक्रिया वेळेवर आणि नीट झाली. त्या रुग्णालयाने मात्र पुढे जवळजवळ वर्षभर आम्हाला काम दिले नाही. मी राजीनामा लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. वैयक्तिक कारणांमुळे सोडत आहे, असा. त्यांनी तो माझा बायोडेटा वाचला होता तसाच पूर्ण वाचला आणि परत दिला.

"खरं कारण लिहून आण. मग घेतो."

मला ते लिहिता आले नाही. आठवडाभर कागद पर्समध्ये राहिला. दरम्यान सरांनी दोन बदल केले होते. साक्षीदार आता सुटा ठेवत नाहीत. एका बारीक पुलाने तो हाडालाच जोडलेला असतो, मध्येच काढला तर हाडाला भोक पडते आणि ते लपत नाही. आणि ज्याने फाइल केली त्याच्याखेरीज दुसऱ्याने, साक्षीदाराकडे न बघता, हाडावरची एखादी नैसर्गिक खूण मूळ स्कॅनशी ताडून पाहायची. ते उलटे मॉडेल सरांनी कार्यशाळेतल्या फळीवर ठेवले. त्याला चिठ्ठी लावली : "उलटा. इनास." नवीन आलेल्या प्रत्येकाला हातमोज्यानंतर ते दाखवले जाते. अलीकडे एका नव्या मुलीने मला हळूच विचारले की, सरांसारख्या माणसाच्या हातून असे कसे झाले. तेव्हा मला वाटले, चिठ्ठीवरचे नाव बदलण्याची वेळ आली आहे.

सहा-सात महिन्यांनी ताई स्वतः कार्यशाळेत आल्या. डॉक्टरांनी पत्ता दिला होता. चेहऱ्यावर व्रणाची रेघ होती, गाल किंचित बसलेला. त्यांना मॉडेलची हकिगत सरांनी आधीच, शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात, रुग्णालयात जाऊन सांगितली होती, हे मला त्या दिवशी कळले. ताईंनी सुकेळ्यांचा, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा आणला होता. मी त्यांना पाणी दिले. त्यांनी पेला लगेच तोंडाला लावला नाही.

"आता बगा हां," त्या सरांना म्हणाल्या. "पयल्यांदा इकडून सगला पानी सांडायचा. पोरं हसायची." मग त्यांनी सगळा पेला एका दमात रिकामा केला आणि हनुवटीवरून कोरडा हात फिरवून दाखवला. "एक तरी थेंब सांडला काय, सांगा."

सर म्हणाले, नाही. एकही नाही.

"मंग खावा सुकेली. मना चावत नाय अजून, तुमी चावा."

मी मान खाली घालून सुकेळे चावत होते.

हा लेख समितीला देण्याआधी सरांना वाचून दाखवणे मला आवश्यक वाटले. चुकीबद्दल लिहायची परवानगीही हवी होती. मागच्या रविवारी मी गिरीजला गेले. प्रार्थनेहून आल्यावर सर ओटीवर बसले होते, बाई शेंगा सोलत होत्या. मी वाचत इथपर्यंत आले आणि थांबले. लेखात एक गोष्ट नव्हती, आणि ती मी सरांनाही कधी सांगितली नव्हती. मी सांगितली.

फाइल उलटल्याचे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कळले नव्हते. आदल्या संध्याकाळी सात वाजता, घरी रोजनिशीत त्या कामाच्या पायऱ्या लिहिताना, साक्षीदार काढला आणि नंतर नवा ठेवला, हे माझ्याच अक्षरात समोर आले, तेव्हाच कळले होते. फोन हाताशी होता. मी केला नाही. कदाचित उलटली नसेल, असे मी स्वतःला सांगत राहिले.

सरांनी विचारले, "किती वाजता म्हणालीस?"

"सात."

"डॉक्टरांनी पट्टी आठनंतर घेतली होती वाकवायला," ते म्हणाले. "तेव्हा थांबवता आलं असतं."

मी हो म्हणाले. बाईंचे हात थांबले होते.

"हे लेखात आहे?"

"नाही."

"मग घाल," सर म्हणाले. "राजीनाम्यात कारण लिहायचं राहिलं होतं तुझं."

"आता राजीनामा घेणार का तिचा?" बाईंनी विचारले. "पंचाहत्तरीला तेवढंच करायचं राहिलंय."

"कारण आलं ना. आता कशाला?" सर म्हणाले आणि शेंगांची परात त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.

म्हणून ते इथे लिहिले आहे. फळीवरच्या मॉडेलची चिठ्ठीही सोमवारी मी बदलली. सरांचे नाव तसेच राहू द्यायचे आणि त्याखाली माझे लिहायचे, असे त्यांनी सांगितले. आता तिथे दोन नावे आहेत.

आमच्यानंतर या वसाहतीत साचे, पुतळे, खेळणी छापणाऱ्यांचे गाळे आले आणि गेले. पंचाहत्तरीतही सर रोज साडेनऊला जिना चढतात. मान दुखते, म्हणून पडद्याची उंची वाढवून घेतली आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मी सोबत होते. नर्सने कपाळावर पेनने खूण केली, तेव्हा सरांनी तिला नम्रपणे विचारले की, ही खूण तिने कागद पाहून केली की आधीच्या नर्सचे ऐकून. ती कागद पाहून आली. खूण बरोबर होती. "आता मला झोप लागेल," ते म्हणाले, आणि नर्सने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

सरांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांनी शंभरी पाहावी आणि तोवर आमच्या प्रत्येक फाइलीवर त्यांची नजर असावी, ही इच्छा मी त्यांच्या सर्व सहकाऱ्यांच्या वतीने व्यक्त करते. त्या नजरेचा एक डोळा अजून व्हायचा आहे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. उजव्या डोळ्याची, सर. मी कागद पाहून लिहिले आहे.